डाव्या आरशातली पिवळी गाडी

सिद्धेश परुळेकरला स्वस्थ बसणं कधी जमलं नाही. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या घरी सोफ्यावर टेकला तरी त्याचा डावा पाय आपला खाली दाबला जायचा नि वर यायचा, तिथे क्लच असल्यासारखा. त्याची बायको संजना म्हणायची, ह्याच्या शेजारी बसून सिनेमा बघायचा म्हणजे एसटीच्या मागच्या सीटवर बसल्यासारखं वाटतं. सिद्धेशचं वय एकोणचाळीस. आठवडाभर तो वालीवला पॅकिंग मशिनं बनवणाऱ्या कारखान्यात उत्पादनाचं काम बघायचा, आणि वर्षातले चार शनिवार-रविवार राष्ट्रीय टूरिंग कार अजिंक्यपद स्पर्धेत गाडी पळवायचा.

टूरिंग कार म्हणजे तुमच्या-आमच्या बिल्डिंगखाली उभी असते तीच गाडी. फक्त आतल्या सीटा, गालिचे, एसी सगळं उपटून काढायचं, लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा आणि एकच सीट ठेवायची. सिद्धेशची अशी एक निळी गाडी होती. अर्धी त्याची, अर्धी स्टीवन तुस्कानोची. स्टीवनचं गॅरेज भुईगावात, घराच्याच आवारात, नारळाच्या झाडांखाली होतं. सिद्धेशने चालवायची आणि स्टीवनने राखायची, असं अकरा वर्षं चाललं होतं. या अकरा वर्षांत सिद्धेश दोनदा तिसरा आला होता, एकदा दुसरा. पहिला कधीच नाही.

यंदा मोसमाची सुरुवातच वेगळी झाली. जूनअखेर कोइम्बतूरला पहिली फेरी होती. एका फेरीत तीन शर्यती असतात. सिद्धेशने त्यातल्या दोन जिंकल्या, आणि घरी परतला तेव्हा गुणतक्त्यात सगळ्यात वर त्याचं नाव होतं. कारखान्यातल्या लोकांनी पेढे वाटले. स्टीवनच्या आईने, आल्बिनामावशीने, दोघांना जेवायला घातलं. सिद्धेश मात्र त्या दिवसापासून अधिकच अस्वस्थ झाला. कोणाच्या तरी मागे लागून पुढच्याला गाठायचं हे त्याला अंगवळणी पडलं होतं. पुढे असण्याची सवय नव्हती. दुसरी फेरी चेन्नईला होती. पहाटेच जाग यायची आणि छताकडे बघत तो मनातल्या मनात तिथल्या ट्रॅकच्या फेऱ्या मारत पडायचा. जेवताना मध्येच उठून गॅलरीत जायचा. संजनाने विचारलं की म्हणायचा, काही नाही, पाय मोकळे करतोय.

जुलैत एके सकाळी दाढी करताना त्याला बाथरूमच्या भिंतीवरच्या लाद्यांची रेघ मध्येच आत दबल्यासारखी दिसली. आधी वाटलं, लादी सुटली असेल. हात फिरवून पाहिला, लादी घट्ट होती. उजवा डोळा झाकला तर रेघ आणखी वाकली आणि तिच्यावर करड्या रंगाचा एक डाग दिसला. डावा झाकला तर सगळं सरळ. त्याने डोळ्यावर पाणी मारलं. दुसऱ्या दिवशीही रेघ तशीच वाकडी होती. मग औषधाच्या दुकानातून थेंब आणले, चार दिवस घातले आणि स्वतःला समजावलं की दोन्ही डोळे उघडे ठेवले की काहीच अडत नाही. गाडी काही कोणी एक डोळा झाकून चालवत नाही. चेन्नई होऊ दे, मग दाखवू.

हे त्याने कोणाला सांगितलं नाही. संजनाला नाही आणि स्टीवनलाही नाही. सांगितलं तर स्टीवन त्याला गाडीत बसू देणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

चेन्नईच्या फेरीत त्याच्या मागे गुणतक्त्यात दुसरी होती अनुष्का घरत. ही मुलगी विरारजवळच्या चंदनसारची. सात वर्षांपूर्वी महामार्गालगतच्या कार्टिंग ट्रॅकवर तो दर रविवारी मुलांना शिकवायचा, तेव्हा ही अठराची पोरगी हेल्मेटमधून वेणी बाहेर काढून यायची आणि सगळ्यात शेवटी जायची. तिला ब्रेक कधी मारायचा हे त्याने शिकवलं, कधी मारायचा नाही हे ती स्वतःच शिकली. आता ती चेन्नईच्या एका मोठ्या संघाची पिवळी गाडी चालवत होती. शर्यतीत त्याला दोनदा मागे टाकल्यावरही ती त्याला ‘सर’च म्हणायची.

शनिवारी सराव सुरू झाला तेव्हाच सिद्धेशच्या लक्षात आलं की वळणाआधी ब्रेक कुठे मारायचा ते दाखवणाऱ्या पाट्या नेहमीपेक्षा जरा लहान आणि जरा लांब दिसताहेत. फार नाही. इतकंच की मनाला दरवेळी एक हिशेब जास्त करावा लागत होता. त्याने पाट्यांकडे बघणं सोडलं. ट्रॅक त्याला पाठ होता. डांबराचा बदललेला रंग, कडेला वाळलेल्या गवताचा पट्टा, सीटखालून येणारा हादरा, एवढ्यावर त्याने गाडी नेली. पहिल्या शर्यतीत दुसरा आला, दुसरी जिंकली. रविवारी दुपारी तिसरी होती. ऊन असं होतं की हेल्मेट घालताना आतला कापूस गरम लागत होता. स्टीवनने त्याचे पट्टे आवळले, खांद्यावर थाप मारली आणि दार लावलं.

अर्धी शर्यत होईपर्यंत सिद्धेश पुढे होता. पिवळी गाडी मागे, कधी जवळ, कधी थोडी लांब. ट्रॅकवर एक वेगाचं उजवं वळण आहे. तिथे आतून वळायचं आणि बाहेर पडताना गाडी आपसूक डाव्या कडेपर्यंत जाऊ द्यायची. वळणात शिरताना त्याने डाव्या आरशात पाहिलं. पिवळी गाडी लहानशी दिसली, चांगली गाडीभर मागे. त्याने नेहमीसारखी गाडी डावीकडे जाऊ दिली.

ती मागे नव्हती. तिचं पुढचं चाक त्याच्या मागच्या दाराशी होतं. फार जोराचा धक्काही बसला नाही, फक्त पत्र्याला पत्रा घासल्याचा आवाज आला. पण त्या वेगात तेवढा पुरला. पिवळी गाडी गवतात गेली, आडवी झाली आणि टायरांच्या भिंतीवर बाजूने आदळली.

शर्यत लाल निशाण दाखवून थांबवली. अनुष्काचं डाव्या खांद्याजवळचं हाड, कॉलरबोन, मोडलं होतं. बाकी ती शुद्धीवर होती. सिद्धेश वैद्यकीय कक्षात गेला तेव्हा तिचा हात गळ्यात बांधून झाला होता आणि चेहऱ्यावर घामाने चिकटलेली धूळ होती. त्याला बघताच ती म्हणाली, “सॉरी, सर.”

 चादरीवरून तिच्या पायावर थोपटून तो बाहेर आला.

पंचांनी दोन्ही गाड्यांतलं चित्रीकरण पाहिलं, त्याला विचारलं. आरशात ती मागे होती, असं त्याने सांगितलं, आणि त्याला दिसलं होतं तेवढ्यापुरतं ते खरंच होतं. निकाल आला की हा शर्यतीतला अपघात आहे, दोष कोणाचाच नाही. शर्यत जिथे थांबली तिथलाच क्रम ग्राह्य धरला गेला. सिद्धेश पहिला. अजिंक्यपदाच्या इतक्या जवळ तो कधीच आला नव्हता.

वसईला परतल्यावर तिसऱ्या दिवशी तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर सुनंदा सावे पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बारीक चौकोनांचा एक कागद त्याच्यापुढे धरला, एक डोळा झाकायला लावला. मधले चौकोन त्याला वितळल्यासारखे दिसले. मग यंत्रावर हनुवटी टेकवून फोटो काढले. डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय, त्या म्हणाल्या. त्यामुळे रेषा वाकड्या दिसतात, वस्तू लहान नि लांब दिसतात, अंतराचा अंदाज चुकतो.

“आरशातसुद्धा?” त्याने विचारलं.

“आरशात काय आणि खिडकीत काय, बघणारा डोळा तोच ना.”

बहुतेकांचं हे तीनचार महिन्यांत आपोआप ओसरतं, थोडा डाग राहू शकतो, असं त्यांनी सांगितलं. तोवर गाडी बंद. झोप पुरेशी घ्यायची, ताण कमी करायचा. ज्यांना गप्प बसता येत नाही अशाच लोकांना हे जास्त होतं, असंही त्या त्याच्या हलणाऱ्या पायाकडे बघत म्हणाल्या.

सिद्धेश घरी गेला आणि संजनाला म्हणाला, डोळे कोरडे झालेत, थेंब दिलेत.

पुढचे दहाबारा दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. कामावर तो रिक्षाने जायला लागला. विचारलं तर गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय म्हणायचा. संध्याकाळी एका जागी थांबवेना म्हणून चालायला निघायचा. एव्हरशाईनमधून निघून पुलावरून पश्चिमेला, कधी बाजारातून पार किल्ल्यापर्यंत. किल्ल्यात लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी असायची, त्यांच्यामधून वाट काढत हा एकटा माणूस भराभर चालायचा आणि मध्येच थांबून एक डोळा झाकून तटाची कड बघायचा. कड रोज वाकडीच दिसायची. तिसरी फेरी सप्टेंबरात कोइम्बतूरला होती. डोळा तोवर बरा होणार नाही हे उघड होतं. तरी मनात तो आकडेमोड करायचा की नुसतं पाचवं-सहावं आलो तरी आघाडी राहील. सावकाश चालवली तर? आरशात दोनदा पाहिलं तर?

एका रविवारी तो भुईगावला गेला. स्टीवन गाडीच्या डाव्या बाजूचं खरवडलेलं दार बदलत होता. जुनं दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं, त्यावर पिवळ्या रंगाचा हातभर लांब ओरखडा. आल्बिनामावशी चर्चमधून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी सहज सांगितलं की त्या चंदनसारच्या पोरीसाठी आज मिस्सा, चर्चमधली खास प्रार्थना, सांगितली होती, तिचं हाड लवकर जुळून यावं म्हणून. “तुमच्या खेलात कोनाची चूक नसते म्हने,” त्या म्हणाल्या, “पन मोडायचं ते मोडतंच.” आणि चहा ठेवायला आत गेल्या.

सिद्धेश चहाला थांबला नाही. रिक्षा करून स्टेशनला आला, तिथून विरार, आणि विरारहून चंदनसार.

अनुष्काची आई जयवंतीताई दारात आली. सरांना बघून तिला बरं वाटलं. पोरगी कोणाशी बोलत नाही, तुम्ही तरी समजवा, म्हणाली. अनुष्का हॉलमध्ये हात गळ्यात अडकवून बसली होती, मांडीवर फोन. फोनवर तिच्याच गाडीतलं चित्रीकरण चालू होतं. तिने ते त्याला दाखवलं. वळण, निळी गाडी, धक्का. मग परत मागे नेलं. वळण, निळी गाडी.

“सर, मी इथे सोडायला पाहिजे होतं ना?” ती म्हणाली. “मला वाटलं तुम्ही जागा ठेवाल. पण तसं धरून चालणं माझं चुकलं. मी किती वेळा बघितलं. माझा अंदाजच चुकला असणार.”

मग तिने सांगितलं की संघाने उरलेल्या मोसमासाठी तिच्या जागी दुसरा मुलगा घेतलाय. तेही बरोबरच आहे, तिला वाटत होतं. ज्याला आपण कुठे आहोत हे कळत नाही त्याने गाडी चालवू नये.

सिद्धेश तिच्यासमोर बसून होता. पाय हलत होता. तो काहीतरी बोलला, होईल बरं, वगैरे. जयवंतीताईने पोहे आणले, ते त्याने खाल्ले. मग निरोप घेऊन जिना उतरला. खाली गेटपर्यंत गेला. गेटबाहेर नव्या इमारतीचं काम चालू होतं, सिमेंटचा मिक्सर घरघरत होता. तो त्या आवाजात उभा राहिला. तिथून कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला, परत गेला. वॉचमनने विचारलं, साहेब, कोणाचं घर शोधताय का. तेव्हा तो वळला आणि तिसरा मजला पुन्हा चढला.

उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. लाद्यांची रेघ, थेंब, डॉक्टर, कागदावरचे चौकोन. आरशात ती लहान दिसली हेही सांगितलं. तुझा अंदाज बरोबर होता, तू बाजूला होतीस, जागा मी ठेवायला हवी होती, तो म्हणाला.

अनुष्काने फोन मांडीवरून बाजूला ठेवला. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

“चेन्नईला गाडीत बसताना तुम्हाला माहीत होतं?”

“डोळ्यात काहीतरी झालंय एवढं माहीत होतं. काय झालंय ते नव्हतं.”

“म्हणजे माहीत होतं.”

“हो.”

“आणि आत्ता मी अर्धा तास तुम्हाला दाखवत होते तेव्हा तर सगळंच माहीत होतं. तरी पोहे खाऊन खाली गेलात.”

 ती उठली आणि एका हाताने दार उघडून धरलं. मला सांगून काय उपयोग, ज्यांनी निकाल दिला त्यांना सांगा, एवढंच म्हणाली. ‘सर’ म्हणाली नाही.

तो तिथून तसाच भुईगावला गेला. स्टीवनचं नवं दार बसवून झालं होतं आणि तो बिजागरीत तेल सोडत होता. सिद्धेश बोलत असताना त्याने एकदाही मान वर केली नाही. बोलणं संपल्यावर त्याने तेलाचा डबा खाली ठेवला, हात पुसले.

“प्रत्येक शर्यतीआधी तुझे पट्टे मी आवळतो,” तो म्हणाला. “माझं तोंड तुझ्या तोंडासमोर असतं, सिद्धू, इतकं जवळ. त्या दिवशीही होतं. तेव्हा मला सांगावंसं नाही वाटलं तुला?”

“सांगितलं असतं तर तू उतरवलं असतंस.”

“हो. उतरवलं असतं. त्यासाठीच असतो मी तिथे.”

स्टीवनने शटर ओढलं. सिद्धेश आत होता की बाहेर हेही त्याने पाहिलं नाही.

संजनाला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. ती रागावली नाही, ते त्याला जास्त लागलं. तिने फक्त विचारलं की हे ऐकणारी मी कितवी, आणि तिसरी म्हटल्यावर ती गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेली. पुढचे कितीतरी दिवस दोघं कामापुरतं बोलत राहिले.

त्याने पंचांना सगळं लिहून कळवलं, तेव्हा त्यांनी त्याला कोइम्बतूरला प्रत्यक्ष बोलावलं. तिसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी तो डॉक्टरांचे कागद घेऊन एकटाच गेला. ज्या खोलीत शर्यतीआधी सगळ्या चालकांची बैठक होते तिथेच त्याला बसवलं होतं. फार प्रश्न विचारले नाहीत. चेन्नईची तिसरी शर्यत त्याच्या नावावरून काढली, परवाना डोळा तपासून पुन्हा मिळेपर्यंत रोखला आणि मोसम संपवला. बाहेर येताना त्याला ओळखीचे चालक दिसले. काहींनी मान हलवली, काहींनी बूट बांधायला खाली पाहिलं. एकाने जवळ येऊन सांगितलं की तुझ्या मागून मी दोन दिवस ताशी दीडशेने येत होतो, हे लक्षात ठेव. मग तोही निघून गेला.

त्या शनिवारी-रविवारी शर्यती झाल्या, पण सिद्धेश त्या बघायला थांबला नाही. निळी गाडी भुईगावातच कापडाखाली होती.

ऑक्टोबर आला. सकाळी उठून तो सुरुची बागेच्या किनाऱ्यावर चालायला जायला लागला. डॉक्टर सावेंनी हळू चाला असं बजावलं होतं, त्यामुळे सुरूंच्या सावलीत मुद्दाम हळू चालणारा हा माणूस आणि त्याच्या पुढे निघून जाणारी म्हातारी मंडळी, असं रोजचं दृश्य असायचं. दर तपासणीला पडद्याखालचं पाणी थोडं कमी झालेलं असायचं. झोप लागायला लागली. संजना कधीमधी बरोबर यायला लागली. पायाचं हलणं मात्र थांबलं नाही, आणि ते थांबावं असं कोणी सांगितलंही नाही.

महिनाअखेरीस स्टीवनचा फोन आला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. सरळ मुद्द्यावर आला. नोव्हेंबरात चेन्नईला शेवटची फेरी आहे, अनुष्काचं हाड जुळलंय, डॉक्टरांनी परवानगी दिलीय, आणि तिच्याकडे गाडी नाही. आपली गाडी तिला द्यायची आहे. अर्धी तुझी आहे म्हणून विचारतोय.

सिद्धेश हो म्हणाला, विचार न करता.

“तिची एक अट आहे,” स्टीवन म्हणाला. “तू गॅरेजमध्ये यायचं नाहीस. रेडिओवर बोलायचं नाहीस. तिला तुझा आवाज नको आहे.”

सिद्धेशने यालाही हो म्हटलं.

तरी तो चेन्नईला गेला. तिकीट काढून, प्रेक्षकांत. अकरा वर्षांत त्याने हा ट्रॅक बाहेरून कधी पाहिलाच नव्हता. सिमेंटच्या पायऱ्यांवर लोक छत्र्या उघडून, चिप्सची पाकिटं फोडून बसले होते. तो त्या उजव्या वळणासमोरच्या पायऱ्या शोधून सगळ्यात वर जाऊन बसला. बसला म्हणजे बसला, उठला, कठड्याशी गेला, परत आला. शेजारच्या काकांनी शेवटी आपली पिशवी उचलून त्याला जायला-यायला वाट करून दिली.

पहिल्या शर्यतीत निळी गाडी आठवी सुटली आणि आठवीच राहिली. गाडी दिसायच्या आधी सिद्धेशला ऐकू यायची. त्या वळणापाशी प्रत्येक फेरीत इंजिनाचा आवाज एक क्षण लवकर पडायचा. ती अॅक्सिलरेटरवरून पाय आधीच काढत होती. हे बाकी कोणाला कळत नव्हतं, निशाणं हलवणाऱ्या पोरांना नाही, शेजारच्या काकांना नाही. दुसऱ्या शर्यतीतही तेच. बाहेरच्या बाजूला एखादी गाडी असली की आवाज आणखी लवकर पडायचा, आणि ती गाडी पुढे निघून जायची. सिद्धेश मुठी आवळून बसून राही. खाली, ट्रॅकच्या पलीकडे, स्टीवन कानाला रेडिओ लावून उभा होता. ठिपक्याएवढा. त्याला फोन करून दोन शब्द सांगता आले असते. तिला सांग, पाय काढू नको, गाडी रस्ता सोडत नाही. पण त्याचा आवाज तिला नको होता. त्याने फोन खिशात खोल सरकवला.

रविवारच्या तिसऱ्या शर्यतीत पहिल्या चार फेऱ्या तशाच गेल्या. पाचव्या फेरीत निळी गाडी आणि एक लाल गाडी जोडीने वळणाकडे आल्या, निळी आतून, लाल बाहेरून, अगदी दाराला चाक लावून. सिद्धेश उभा राहिला. आवाज पडला नाही. निळी गाडी वळली, बाहेर आली, आणि डाव्या कडेला बरोबर एका गाडीची जागा ठेवून सरळ झाली. लाल गाडी त्या जागेतून गेली, पण तिच्या पुढे काही जाऊ शकली नाही. सिद्धेशला वाटलं आपण ओरडलो, पण शेजारचे काका शांत होते, म्हणजे ओरडला नसावा. त्यापुढे एकदाही आवाज लवकर पडला नाही. अनुष्का तिसरी आली. अजिंक्यपद कोइम्बतूरच्या एका मुलाला मिळालं. त्याच्याभोवती लोक नाचत होते.

प्रेक्षक पांगल्यावर स्टीवनचा मेसेज आला की गाडी ट्रकवर चढवायची आहे, माणूस कमी पडतोय, ये. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती: तिला विचारलंय.

सिद्धेश मागच्या मैदानात पोहोचला तेव्हा ट्रकला फळ्या लावून झाल्या होत्या. अनुष्का शर्यतीचा पोशाख कमरेपर्यंत उतरवून, पाण्याची बाटली घेऊन फळीवर बसली होती. डावा खांदा ती अजून जपून धरत होती. आईला फोन करून झाला, ती रडतेय, असं ती स्टीवनला सांगत होती. सिद्धेशला बघून तिने बाटलीचं झाकण लावलं.

“कुठे बसला होतात?”

“त्या वळणासमोर.”

“ऐकू येत होतं?”

“हो.”

“पहिल्या दोन शर्यतींत मी तिथे पाय काढत होते.”

“हो. शेवटी नाही काढलास.”

तिने मान हलवली.  “मी विसरलेले नाही,” ती म्हणाली. “विसरेन असं पण वाटत नाही.”

“विसरू नकोस,” तो म्हणाला.

स्टीवनने गाडीचं दार उघडलं. बॅटरी काढून ठेवली होती, गाडी ढकलूनच वर न्यायची होती आणि कोणीतरी आत बसून स्टिअरिंग धरायला हवं होतं. अनुष्काच्या खांद्याला ढकलणं जमणार नव्हतं, त्यामुळे तीच आत बसेल असं सिद्धेशने धरलं आणि तो मागे जाऊन उभा राहिला. पण ती ट्रकवर चढली आणि फळ्यांच्या वरच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

“तुम्ही बसा आत,” ती म्हणाली. “मी इथून सांगते.”

तो बसला. सीट तिच्या मापाने पुढे घेतलेली होती, गुडघे वर आले. मागे स्टीवन आणि ट्रकवाल्याने जोर लावला. गाडी हलली, पुढची चाकं फळ्यांवर चढली आणि समोर आभाळाखेरीज काही दिसेना.

“जरा उजवीकडे,” वरून अनुष्काचा आवाज आला. “अजून. थांबा, जास्त झालं. आता सरळ. सरळच ठेवा, येऊ द्या.”

ती सांगेल तसं तो स्टिअरिंग फिरवत राहिला. गाडी फळ्यांवरून आत सरकली, ट्रकचं छत डोक्यावर आलं. बास, ती म्हणाली. त्याने हँडब्रेक ओढला. स्टीवन चाकांना पट्टे बांधायला वाकला, अनुष्काने खाली उतरून आपली बॅग उचलली, आणि सिद्धेश बाहेर येऊन पट्ट्याचं दुसरं टोक धरायला गेला.